गव्याचे जंत आणि आपली गुरे

जंत हा आम्हा डॉक्टरांचा नित्याचा विषय. २०१५ पासून तर राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळाशाळांतून अल्बेंडाझोलच्या गोळ्या वाटल्या जातात. परंतु खानापूरच्या रानातील गव्याला ही गोळी कोण देणार, आणि मुळात ती द्यावी काय, असा प्रश्न एका पशुवैद्य स्नेह्यांनी मला केला, तेव्हापासून त्याने माझा पिच्छा सोडलेला नाही.

गव्याला कोणी रानरेडा म्हणतात, कोणी बायसन. दोन्ही नावे चुकीची. तो आपल्या गाय-बैलांचाच भाऊबंद असून रवंथ करणारे चार कप्प्यांचे पोटही तेच. साहजिकच पोटातील बिऱ्हाडेही बव्हंशी तीच! चौथ्या कप्प्याला चिकटून रक्त पिणारा हिमोंकस सर्वांत द्वाड. त्याची मादी दिवसाला हजारो अंडी घालते. शेणातून पडलेल्या अंड्यांतील अळ्या ओलाव्याने गवताच्या पात्यावर चढतात, आणि कणकुंबी-जांबोटीच्या पावसात ओलाव्याला काय तोटा? यकृतातील चपट्या कृमीला मात्र मध्ये पाणगोगलगाय लागते, म्हणून तो ओढ्याकाठच्या गवतातून येतो. वासरांतील मोठा गोल जंत तर आईच्या दुधातूनच पोटात जातो.

स्नेह्यांसमवेत मी गव्याचे शेण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आहे. नमुना ताजाच हवा. शिळ्या शेणात मातीतील निरुपद्रवी कृमी शिरतात आणि पाहणारा फसतो. शिवाय या गटातील अनेक जंतांची अंडी एकसारखी दिसतात. अळ्या वाढवून पाहिल्याखेरीज नाव सांगणे धाडसाचे. अंडी दिसली म्हणजे जनावर आजारी, असेही नव्हे. धष्टपुष्ट गवाही थोडे जंत बाळगून असतो. कळप फिरता राहिला की आपले शेण मागे टाकून पुढे जातो, हेच त्याचे मोठे संरक्षण. चराई आकसली, उन्हाळ्यात एकाच पाणवठ्यावर गवे आणि गावची गुरे लोटली, की गणित बिघडते.

२०११ मध्ये घोषित झालेले भीमगड अभयारण्य सुमारे १९० चौरस किलोमीटरचे. त्याच्या परिसरात गवळी-धनगरांचे वाडे आहेत, त्यांच्या म्हशी आहेत. त्यांना दोष देणे सोपे, पण अन्यायाचे. रानाशी त्यांचा संबंध आपल्याहून जुना आहे.

मग गव्यांच्या मिठाच्या चाटणात औषध मिसळावे काय? माझे उत्तर नाही असेच आहे. कोणी किती चाटले याचा हिशेब राहत नाही, आणि अपुऱ्या मात्रेने औषधाला न जुमानणारे जंत तेवढे उरतात. ज्या आयव्हरमेक्टिनच्या शोधाबद्दल कँपबेल व ओमुरा यांना २०१५ चे नोबेल मिळाले, तेही शेणातून बाहेर पडून शेणकिड्यांच्या अळ्या मारते. शेण मातीत गाडणारे हे कामकरीच गेले, तर जंतांचेच फावेल.

बुळकांडीचा अनुभव आठवावा. १९६८ मध्ये मुदुमलाई-बंदीपूरकडे त्या रोगाने गव्यांचे कळपच्या कळप बसवले. तो हटला गावच्या गुरांना लस टोचून, आणि २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. जंत असे समूळ जाणार नाहीत, पण उपायाची जागा गोठाच.

म्हणून माझी सूचना अशी. पावसाळ्यापूर्वी वाड्यांवरील म्हशींचे शेण तपासून, जरूर तेथेच आणि वजनाप्रमाणे पूर्ण मात्रेत औषध द्यावे. त्याच दिवशी आपल्या मंडळींनी मुलांचे हिमोग्लोबिन पाहावे. मुलांचे जंत निराळे खरे, पण ओढा तोच. पशुवैद्य स्नेही तयार आहेत. पुढील बैठकीत तारीख ठरवावी, मोटार माझी.