पडवीत सांगितलेले युद्ध

सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाची हकीकत त्याच्याच तोंडून, त्याच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून जपून ठेवणे हा मौखिक इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग आहे. हे काम शाळा-कॉलेजांतील विद्यार्थी फार चांगले करू शकतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील डोंगराळ भागातल्या एका शाळेच्या मुलांनी १९६६ पासून गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलते करून ‘फॉक्सफायर’ नावाचे नियतकालिक चालवले. पुढे २००० मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून माजी सैनिकांच्या आठवणी गोळा करण्याचा प्रकल्प लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सोपवला. मुलाखत किमान ३० मिनिटांची असावी एवढीच त्याची मुख्य अट आहे, आणि दहावीपासूनचे विद्यार्थी ती घेऊ शकतात. तिथे आजवर एक लाखाहून अधिक जणांच्या कहाण्या जमा झाल्या आहेत.

भारतात शाळकरी मुलांना सैनिकांच्या जवळ नेणारा मोठा उपक्रम म्हणजे २०२१ मध्ये संरक्षण आणि शिक्षण मंत्रालयांनी मिळून सुरू केलेला ‘वीर गाथा’. पहिल्याच वर्षी सुमारे ८ लाख विद्यार्थ्यांनी शौर्यपदक विजेत्यांवर निबंध, कविता आणि चित्रे पाठवली. उपक्रम मोलाचा आहे, पण त्याची नजर पदकांवर आहे. ज्याला पदक मिळाले नाही, जो बोटीच्या इंजिनघरात किंवा स्वयंपाकघरात पंधरा वर्षे राबून घरी परतला, त्याची नोंद अशा उपक्रमात होत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात नेमकी अशाच माणसांची संख्या मोठी आहे.

१८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरीच्या गॅझेटियरमध्येच या जिल्ह्यातून मुंबईच्या पायदळाला मोठ्या संख्येने शिपाई मिळत असल्याची नोंद आहे. पेन्शन घेतलेले शिपाई दापोलीच्या कॅम्पात स्थायिक होत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले. किनाऱ्यावरच्या वस्त्यांचा ओढा मात्र पलटणीपेक्षा जहाजाकडे. रत्नागिरी शहरातील रत्नदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याचा मिरकरवाडा आज मासेमारी बंदर म्हणून ओळखला जातो, तरी या किनाऱ्याचे आरमाराशी नाते आंग्र्यांच्या काळापासूनचे आहे. इंग्रजी अमदानीत रॉयल इंडियन मरीन या सागरी दलाची खलाशी भरती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून होई आणि त्यात कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा असे. २ ऑक्टोबर १९३४ रोजी याच दलाचे रॉयल इंडियन नेव्ही असे नामकरण झाले. दुसरे महायुद्ध सुरू होताना या नौदलात दोन हजारांच्या आतबाहेर माणसे होती. युद्ध संपताना ती ३० हजारांच्या आसपास पोचली आणि भरती देशभर पसरली. तरी जुन्या, मुरलेल्या खलाशांत कोकणाचा वाटा मोठा होता.

या माणसांविषयी कागदावर काय उरते? ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘बेंगाल’ या छोट्या सुरुंगशोधक जहाजाने, ‘ओंडिना’ या तेलवाहू जहाजाच्या साथीने, आपल्याहून कितीतरी मोठ्या दोन जपानी जहाजांना तोंड दिले. त्यातले ‘होकोकू मारू’ बुडाले. तोफा किती होत्या, गोळे कधी संपले, दुसरे जहाज केव्हा परतले, हे सगळे अहवालांत आहे. खालच्या डेकवर गोळे उचलून देणाऱ्याला त्या वेळी काय ऐकू येत होते, हे अहवालात नसते. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचे तर नावाखेरीज काहीच उरत नाही. दुसऱ्या महायुद्धात समुद्रातच अंत झालेल्या सुमारे साडेसहा हजार भारतीय नौसैनिक आणि खलाशांची नावे एका स्मृतिग्रंथात लिहिलेली आहेत. त्याची एक प्रत चितगावला, दुसरी मुंबईच्या खलाशीगृहात आहे.

पहिल्या महायुद्धातली गोष्ट आणखी चटका लावणारी आहे. फ्रान्समधून भारतीय शिपायांनी घरी लिहिलेली पत्रे सेन्सॉर वाचत असे आणि त्यातले निवडक उतारे इंग्रजीत करून वरिष्ठांकडे पाठवत असे. मूळ पत्रे पुढे गेली आणि बहुतेक हरवली. इतिहासकारांच्या हाती राहिले ते इंग्रजी उतारे. शिपायाने कोणता शब्द वापरला, कोणत्या म्हणीने दुःख झाकले, हे आता कळायला मार्ग नाही. माणसाचे बोलणे जसेच्या तसे टिपून ठेवण्याचा आग्रह मौखिक इतिहास का धरतो, ते या एका उदाहरणावरून ध्यानात येते.

नौदलाच्या बंडाबाबतही फारसे आवाज टिकले नाहीत. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या ‘तलवार’ या नौदल तळावर खराब जेवण आणि अधिकाऱ्याची शिवीगाळ यांवरून पेटलेले बंड पाच दिवसांत ७८ जहाजांवर आणि २० किनारी तळांवर पसरले. त्यातला एक म्होरक्या बी. सी. दत्त याने १९७१ मध्ये आपली हकीकत पुस्तकरूपाने लिहिली. पण बंडात सुमारे २० हजार नाविक होते आणि लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा अठरा वर्षांचा असलेला नाविक आज शंभरीच्या जवळ आलेला असेल. त्या पिढीपुरता आता बहुधा मुलांकडून आणि नातवंडांकडून ऐकीव आठवणींचाच आधार उरला आहे. ऐकीव आठवणही नोंदवावी, मात्र ती ऐकीव आहे हे नोंदीत ठळकपणे लिहिले पाहिजे.

आज प्रत्यक्ष बोलू शकणारे आहेत ते त्यानंतरच्या मोहिमांतले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जण मारले गेले. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री क्षेपणास्त्रनौकांनी कराचीवर हल्ला केला. नौदल दिन त्याचीच आठवण म्हणून पाळला जातो. त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळ ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली आणि तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. १९७१ मध्ये विशीत असलेले लोक आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेत हजाराहून अधिक भारतीय जवान मृत्युमुखी पडले, पण त्या मोहिमेवर घराघरांत फारसे बोललेच गेले नाही. मुलाखतींची खरी घाई आहे ती या दोन पिढ्यांसाठी.

रत्नागिरीत एनसीसीचे नौदल युनिट आहे, कॉलेजे आहेत आणि माजी सैनिकांच्या नोंदी ठेवणारे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही आहे. तरी मिरकरवाड्यातल्या माणसाची मुलाखत त्याच वाडीतल्या किंवा शेजारच्या वाडीतल्या मुलाने घेण्याचे मोल वेगळे आहे. पहिले कारण भाषा. बाहेरच्या माणसासमोर निवृत्त नाविक पुस्तकी मराठी किंवा हिंदी बोलू लागतो आणि हकीकत कोरडी होते. घरच्या कोकणी बोलीत तो सुकाणू, नांगर, वारा यांविषयी बोलतो तेव्हा प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो. शिवाय मच्छीमार बोटीवरचा तांडेल हाच शब्द इंग्रजांच्या जहाजांवर ‘टिंडल’ हा हुद्दा होऊन बसला होता. शब्द एका बोटीवरून दुसरीवर कसा गेला हे मच्छीमाराच्या घरातल्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दुसरे कारण नाते. ‘चाचा’ किंवा ‘आजोबा’ म्हणून हाक मारणाऱ्या मुलाला माणूस जे सांगतो, ते अधिकाऱ्याला सांगत नाही. नात्यामुळे कधी कधी माणूस मुलाला घाबरवू नये म्हणून काही गोष्टी गाळतोही. हे लक्षात ठेवून दुसऱ्यांदा भेटले, तर गाळलेले बरेचसे येते.

मुलाखतीची तयारी आधीच्या भेटीत होते. या भेटीत यंत्र सुरू करायचे नसते. घरी जायचे, चहा घ्यायचा, जुनी कागदपत्रे पाहायची. सेवापुस्तक, पेन्शनचा कागद, जहाजावर काढलेले फोटो, पेटीच्या तळाशी ठेवलेली पदके यांवरून जहाजांची नावे आणि वर्षे कळतात आणि प्रश्नांना आधार मिळतो. मग ज्या दिवशी ध्वनिमुद्रण करायचे त्या दिवसाची निवड. बंदरावर पहाटेपासून लिलावाची आरडाओरड, बर्फाच्या गाड्या आणि इंजिनांचा आवाज असतो. पावसात पत्र्यावर पडणारे पाणी माणसाचे शब्द गिळते. दुपारची शांत वेळ किंवा आतली खोली बरी. साधा मोबाईलही पुरतो, मात्र तो बोलणाऱ्याच्या जवळ ठेवावा, पंखा बंद करावा आणि सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची नावे उच्चारावीत. मुलाखत कशासाठी आहे, ती कोण ऐकणार आणि कोणता भाग वगळायचा, याची संमती लेखी घ्यावी. सांगणाऱ्याने नंतर मन बदलले, तर त्याचा शब्द अखेरचा.

प्रश्न थोडे आणि लांब उत्तर मागणारे हवेत. ‘भीती वाटली का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर मिळते. ‘पहिल्यांदा मुंबईला कसे गेलात?’ असे विचारले, की रत्नागिरी बंदरात पडावातून आगबोटीत चढणे, भाऊच्या धक्क्यावर उतरणे, भरती कार्यालयाबाहेरची रांग, सगळे एकामागून एक येते. घरच्या मनिऑर्डरीविषयी, रोजच्या जेवणाविषयी, रजेवर आल्यावर ओळख न पटलेल्या मुलाविषयी विचारावे. किती माणसे मारली, हा प्रश्न कधीच विचारू नये. माणूस गप्प झाला तर प्रश्न पुढे न रेटता थांबावे; बहुतेक वेळा सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्या शांततेनंतर येते. रडू आले तर यंत्र बंद करावे. गोपनीय बाबींसाठी १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे, म्हणून यंत्रणा, सांकेतिक शब्द, तळांची रचना यांकडे वळायचेच नाही.

आठवणीत वर्षे सरमिसळ होतात. इटलीत तेर्नी गावी लुईजी त्रास्तुल्ली नावाचा कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला, पण अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाला अनेकांनी ती घटना १९५३ च्या कामगारकपातीच्या वेळची म्हणून सांगितली. पोर्तेल्लीने ही चूक टाकून दिली नाही. लोकांना तो मृत्यू कुठल्या मोठ्या अपमानाशी जोडावासा वाटला, हे त्या चुकीतूनच कळते, असे त्याने दाखवले. विद्यार्थ्यांनीही तेच करावे: बोलणे जसेच्या तसे ठेवावे आणि कागदावरचे खरे वर्ष टिपेत द्यावे. कोकणात वर्ष आठवायला मदत लागली, तर डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप किंवा १९९८ मध्ये सुरू झालेली कोकण रेल्वे यांच्या आधीचे की नंतरचे, असे विचारणे कामी येते.

घरात मागे राहिलेल्या बाईची मुलाखत वेगळी घ्यावी, नवऱ्यासमोर नव्हे. युद्धाच्या बातमीची वाट पाहत, रेडिओशेजारी बसून, दोन लहान मुले सांभाळत तिने काढलेले दिवस हाही सैन्याचाच इतिहास आहे. हेमा राईरकर आणि गी पॉटवँ या अभ्यासकांच्या प्रकल्पात खेडोपाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. विचारणारा घरी आला आणि धीराने ऐकत बसला, तर बायका किती सांगतात हे त्यातून दिसले.

एका तासाचे बोलणे लिहून काढायला साधारण पाच-सहा तास लागतात, आणि बोलीतले शब्द असतील तर त्याहून जास्त. हे काम दोघादोघांनी करावे. बोलीचे शब्द प्रमाण मराठीत बदलू नयेत. अवघड शब्दाचा अर्थ खाली द्यावा. ध्वनिफितीच्या तीन प्रती ठेवाव्यात: एक शाळेच्या किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात, एक वेगळ्या जागी वेगळ्या साधनावर आणि एक सांगणाऱ्याच्या घरी. घरची प्रत कुटुंबाच्या मोबाईलमध्येच टाकून द्यावी आणि सांगणाऱ्याला ती एकदा पूर्ण ऐकवावी. ऐकताना तो हमखास एखादे नाव दुरुस्त करतो किंवा विसरलेला प्रसंग सांगतो. ते टिपण्यासाठी यंत्र पुन्हा तयार ठेवावे.