इस्पितळातून घरी आलेल्या मधुमेही माणसाची देखभाल

गेल्या पावसाळ्यात, भात लावणीच्या ऐन दिवसांत, माझ्या थोरल्या भावाला हृदयविकाराचा झटका आला. छातीत कळ आलीच नाही. चिखलात उभा असताना अंगाला दरदरून घाम सुटला, धाप लागली आणि ‘जरा बांधावर टेकतो’ म्हणून बसला तो उठेना. साखरेचा आजार बारा वर्षांचा. आम्ही पित्त समजून लिंबू-सोडा पाजला, त्यात दोन तास गेले. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात. अशा माणसाला झटका येऊनही छातीत दुखेलच असे नाही. नुसती धाप, घाम, मळमळ किंवा एकाएकी आलेला थकवा एवढीच खूण असू शकते. हे आम्हांला ठाऊक असते तर गाडी लगेच बोलाविली असती.

इस्पितळात बंद झालेली रक्तवाहिनी फुगा घालून उघडली, आत स्टेंट बसविला आणि पाचव्या दिवशी घरी पाठविले. ओसरीवर माणसे मावेनात. कुणाच्या हाती केळ्यांची फणी, कुणाच्या हाती ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये ही रीत चांगली; पण साखरवाल्याकडे पुडा नेण्यापेक्षा त्याचे एक दिवसाचे काम करून द्यावे. वाडीतल्या चौघांनी राहिलेली लावणी उरकून दिली. भावाची अर्धी काळजी त्यानेच गेली.

तिसऱ्या रात्री मात्र सर्वांची गाळण उडाली. दोनच्या सुमारास तो घामाने भिजला आणि असंबद्ध बोलू लागला. वहिनीला वाटले, दुसरा झटका. जिभेखाली ठेवायची गोळी ती देणार, इतक्यात नर्सिंग शिकणाऱ्या शेजारच्या मुलीने बोट टोचून साखर पाहिली : 52. जेवण निम्म्यावर आले होते, इन्शुलिन मात्र पूर्वीइतकेच चालू होते. जिभेखालच्या त्या गोळीने रक्तदाब उतरतो. साखर वाढत नाही.

साखर 70 च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात कालवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, कमीच असेल तर पुन्हा द्यावी, मग थोडे जेवू घालावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, 108 ला फोन करावा. साखर ठीक असूनही घाम आणि धाप असेल, तर हृदयाचेच समजून तोच फोन करावा आणि रोग्याला चालवू नये. ठोके आवरणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असताना साखर उतरल्याची थरथर व धडधड झाकली जाते, पण घाम येतोच. साखर मोजण्याचे यंत्र घरात असावे ते यासाठी.

गोळ्यांची पिशवी पाहून रोगी कंटाळतो. ‘आता बरे वाटते’ म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन प्राणावर बेतते. त्यांतल्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर जोडीने घ्याव्या लागतात. वहिनीने सकाळ, दुपार, रात्र असे तीन डबे केले आहेत. फ्रीज नसल्याने वापरातले इन्शुलिन ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात, कोरड्या डबीत ठेवते. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते.

जेवणाविषयी एकच गोष्ट ठासून सांगतो. आजाऱ्याचे ताट वेगळे करू नका. घरच्या सगळ्यांनीच भात कमी करून भाजी, उसळ, नाचणीची भाकरी वाढवावी. दिवसाचे मीठ सगळे मिळून एक चमचाभर; खारवलेले सुके मासे, लोणचे, पापड यांतच ते संपून जाते. रोज सकाळी वजन करावे. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढले किंवा पाय सुजले, तर अंगात पाणी साठते आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे.

उपवासकाळात भाऊ हट्टाला पेटला. भस्म बुधवारच्या उपवासातून आजाऱ्याला मोकळीक आहे, हे फादरांनीच येऊन सांगितले तेव्हा कुठे ऐकले. इन्शुलिन घेऊन उपाशी राहणे धोक्याचे आहे. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या हृदयालाही उपकारक ठरलेल्या गोळ्या चालू असतील, तर उपवासात किंवा उलट्या होत असताना डॉक्टरांना विचारल्याविना त्या घेऊ नयेत.

शेतात अनवाणी जाणे बंद. रोज रात्री तळपाय पाहावेत, कारण काटा रुतलेला बधिर पायाला कळत नाही. चालणे दहा मिनिटांपासून वाढवीत न्यावे. पोती आणि नांगर डॉक्टरांनी सांगेपर्यंत नको. छाती उघडून बायपास झाली असेल, तर हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात, तोवर घागरसुद्धा उचलू नये.

सर्वांत अवघड गेले ते त्याचे गप्प बसणे. ‘आता मी काय कामाचा’ असे तो म्हणे. झटक्यानंतर पुष्कळांना अशी उदासी येते आणि मग औषधेही टळतात. आम्ही दर तासाला ‘हे खाऊ नकोस’ म्हणत होतो, ते थांबविले. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनाही त्याची उदासी सांगितली, त्यांनी ती ऐकून घेतली. आता बियाण्याचा हिशोब आणि पाणी सोडण्याच्या पाळ्या तोच पाहतो. संध्याकाळी नातवाला घेऊन तळ्यापर्यंत जाऊन येतो, चप्पल घालून.