खुर्चीच्या डाव्या बाजूला

आत्याला घेऊन सिल्लोडच्या दातांच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा ती खुर्चीत बसायलाच तयार होईना. दाढ तीन आठवडे ठणकत होती. लवंग दाबून झाली होती, तंबाखूची चिमूट धरून झाली होती, रात्ररात्र जागून झाली होती. तरीही ती दाराशीच थांबली. डॉक्टर समजावत होते, मीही समजावत होतो. शेवटी विशीतली एक मुलगी पुढे आली. तिने आधी ट्रेवर रुमाल टाकून हत्यारं झाकली आणि मग म्हणाली, "मावशी, पदर असू द्या डोक्यावर. मी हितंच हाय तुमच्यापाशी. दुखलं की नुसता हात वर करा, डॉक्टर थांबतील." आत्या बसली.

पुढचा पाऊण तास मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होतो. डॉक्टरांकडे बघायचं सोडून माझं सगळं लक्ष त्या मुलीच्या हातांकडे लागलं. लोक तिला सिस्टर म्हणतात, कंपाउंडर म्हणतात, 'दवाखान्यातली पोरगी' म्हणतात. तिचं खरं नाव डेंटल असिस्टंट. हा लेख तिच्या कामाबद्दल आहे आणि ते काम शिकण्याबद्दल आहे.

रुग्ण आडवा झाला की त्याच्या चेहऱ्याभोवती एक घड्याळ कल्पायचं. डोक्याचा शेंडा बारावर, हनुवटी सहाकडे. उजव्या हाताने काम करणारा डॉक्टर सात ते बाराच्या पट्ट्यात बसतो, म्हणजे रुग्णाच्या उजव्या अंगाला. असिस्टंटची जागा दोन ते चार, डाव्या बाजूला. तिचं स्टूल डॉक्टरच्या स्टुलापेक्षा चार ते सहा इंच उंच असतं, कारण तिला तोंडाच्या आत वरून बघायचं असतं. चार ते सातच्या मधली, छातीच्या वरची जागा हत्यारांच्या देवाणघेवाणीची. नियम असा की धारदार वस्तू रुग्णाच्या डोळ्यांवरून कधीही न्यायची नाही. असिस्टंट करंगळीने डॉक्टरच्या हातातलं वापरलेलं हत्यार काढून घेते आणि त्याच हाताच्या अंगठ्या-तर्जनीत धरलेलं पुढचं हत्यार त्याच्या बोटांत ठेवते. डॉक्टरची नजर दाढेवरून हलत नाही. या पद्धतीला चार हातांची दंतचिकित्सा म्हणतात. ती नीट जमलेली बघताना मला भाकरी थापणारी आणि भाजणारी अशा दोघी जावा आठवल्या. चुलीपाशी त्यांना एकमेकींशी बोलावं लागत नाही.

हे चार हात लागू लागले ते एका यंत्रामुळे. 1957 साली अमेरिकेत जॉन बोर्डेन यांचं हवेवर फिरणारं ड्रिल बाजारात आलं. त्याचं नाव एअरोटर. आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या असल्या ड्रिलला डॉक्टर आजही एअरोटरच म्हणतात. मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे. एवढ्या वेगात दात तापतो आणि आतली नस मरू शकते, म्हणून ड्रिलच्या टोकाशी सतत पाण्याचा फवारा लागतो. पाणी आलं की तोंड भरतं आणि ते ओढून घ्यायला कुणीतरी हवं. पूर्वी रुग्ण ताठ बसायचा, दर दोन मिनिटांनी शेजारच्या भांड्यात थुंकायचा. आता तो आडवा असतो आणि थुंकायचं काम सक्शनची नळी करते. ती नळी असिस्टंटच्या हातात असते. नळीचं तिरकं तोंड दाताला समांतर ठेवायचं, ड्रिल आत जाण्याआधी नळी जागेवर गेलेली असली पाहिजे, जीभ आणि गाल बाजूला धरायचे, पण पडजिभेला स्पर्श होऊ द्यायचा नाही, नाहीतर रुग्णाला उमासा येतो. नवशिकी मुलगी एक तर पाणी साठू देते, नाहीतर गालच ओढून घेते. हात बसायला महिने लागतात.

या कामाची सुरुवात कुठे झाली हे वाचलं, तेव्हा मला आत्याच आठवली. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य होते. त्यांनी 1885 साली मालविना क्वेरिया या तरुणीला कामावर घेतलं आणि दवाखान्याच्या खिडकीत पाटी लावली, 'लेडी इन अटेंडन्स'. म्हणजे आत एक बाई हजर आहे. त्या काळी तिकडेही बाया नवऱ्याशिवाय किंवा सोबतीशिवाय दंतवैद्याकडे जात नसत. पाटी लागली आणि एकट्या बाया येऊ लागल्या. आज अजिंठ्याच्या रस्त्यावरून किंवा भराडी, शिवना, अंधारीकडून सिल्लोडला येणाऱ्या बाईला ती पाटी वाचायची गरज नाही, पण आत एखादी बाई दिसली की तिचा पाय आत पडतो. डोक्यावर पदर घेतलेली असो, बुरख्यातली असो, तांड्यावरची असो. "चाची, मुंह थोडा और खोलो," हे वाक्यही त्या मुलीला तितक्याच सहज येतं. दखनी, मराठी आणि थोडी गोरबोली, एवढ्या भाषा तिच्या शिक्षणाचाच भाग धरायला हव्यात.

केल्स यांची गोष्ट इथे संपत नाही. शस्त्रक्रियेत रक्त-लाळ ओढणारं सक्शन यंत्र घडवण्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. क्ष-किरणांचा शोध 1895 मध्ये लागला आणि पुढच्याच वर्षी केल्स दातांचे एक्स-रे काढू लागले. त्या किरणांचा धोका कुणालाच ठाऊक नव्हता. यंत्र जुळवताना त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःचा हात किरणांसमोर धरला. मग बोटं गेली, पुढे हात गेला, वेदना थांबेनात. 1928 साली त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आज एक्स-रे काढताना असिस्टंटने फिल्म किंवा सेन्सर रुग्णाच्या तोंडात स्वतःच्या बोटाने धरायचा नाही, यंत्रापासून किमान सहा फूट लांब उभं राहायचं, असं शिकवतात. त्या नियमामागे हा माणूस आहे. लहान मूल वळवळतं, फिल्म सरकते, तेव्हा "मीच धरते" म्हणण्याचा मोह होतो. त्या क्षणी केल्स यांची कहाणी माहीत असलेली मुलगी हात मागे घेईल.

पण शिकवणार कोण? सिल्लोडपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. 1982 मध्ये ते सुरू झालं. मराठवाड्यातल्या कितीतरी दंतवैद्यांचे हात तिथे घडले. तालुक्याच्या दवाखान्यात काम करणारी मुलगी मात्र बहुतेक वेळा तिथे शिकायला गेलेली नसते. ती बारावी झालेली असते, एसटीने ये-जा करते. आधी नंबर लावते, मग फोन घेते, मग ट्रे मांडते, आणि एक दिवस डॉक्टर म्हणतात, "ये, सक्शन धर." शिक्षण तिथून सुरू होतं. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या यादीत डेंटल असिस्टंट ही वेगळी भूमिका आहे आणि तिचा अभ्यासक्रमही आहे. कायद्याची गोष्ट मात्र वेगळी. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्याखेरीज दोघांची व्याख्या केली: दात साफ करणारा आणि निगा शिकवणारा डेंटल हायजिनिस्ट, आणि कवळ्या-कॅप बनवणारा डेंटल मेकॅनिक. खुर्चीशेजारी रोज उभी असलेली तिसरी व्यक्ती त्या व्याख्यांत नव्हती. हे मला फार खटकतं.

आणखी एक अडचण आहे, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. बीडीएस करताना विद्यार्थी बहुतेक काम एकट्यानेच करतात. डाव्या हातात आरसा, उजव्या हातात एअरोटर, लाळ ओढणारी छोटी नळी ओठाला अडकवलेली. मित्र आला तर मदत, नाहीतर नाही. चार हातांनी काम करायचं डॉक्टरच शिकलेला नसेल, तर तो दुसरे दोन हात वापरणार कसे? म्हणून हे प्रशिक्षण दोघांचं असायला हवं. मुलगी सहा महिने शिकून आली आणि डॉक्टर स्वतःच वळून ट्रेवरचं हत्यार उचलत राहिला, तर तिचं शिकणं वाया जातं आणि त्याची पाठ मोडते.

सगळ्यात जोखमीचं काम मात्र खुर्चीपासून लांब, आतल्या छोट्या खोलीत चालतं. रुग्णाला ते दिसत नाही. वापरलेली हत्यारं आधी जाड हातमोजे घालून धुवायची. रक्त वाळलं की वाफ आतपर्यंत पोचत नाही, म्हणून ती ओली असतानाच घासायची. सोय असेल तिथे अल्ट्रासॉनिक टबमध्ये टाकायची. मग पुसून कोरडी करायची, पाकिटात बंद करायची, ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायची. 121 अंशांवर 15 पौंड दाबाला किमान 15 मिनिटं, किंवा 134 अंशांवर तीन-चार मिनिटं. ही मिनिटं मोजायची ती तापमान गाठल्यानंतर, बटण दाबल्यापासून नव्हे. गर्दीच्या दिवशी, बाहेर दहा जण बसलेले असताना, चूक इथेच होते. डबा खच्चून भरला तर वाफ फिरत नाही. बोअरचं जड पाणी घातलं तर आत पांढरा थर बसतो, म्हणून डिस्टिल्ड पाणी लागतं. मध्येच लाइट गेली तर ते चक्र धरायचं नाही, पहिल्यापासून पुन्हा लावायचं. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, ऑटोक्लेव्ह चालत नाही. पूर्वी हत्यारं पाण्यात उकळून घेत. उकळत्या पाण्याने बरेच जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू तग धरतात.

पाकिटावरची पट्टी काळी झाली म्हणजे उष्णता पोचली, एवढंच कळतं. आतले जंतू खरोखर मेले का, हे बघायला उष्णतेला सर्वांत चिवट अशा एका जिवाणूचे बीजाणू असलेली पट्टी मधूनमधून हत्यारांबरोबर ठेवतात आणि नंतर वाढवून बघतात. काही वाढलं नाही तर ऑटोक्लेव्ह ठीक. हे करणारी मुलगी तिच्या गावात कुणालाही सांगू शकत नाही की आज मी नेमकं काय केलं. पण कावीळ बी किंवा एचआयव्ही एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात नाही, याचं मोठं कारण तीच असते. वापरलेल्या सुईचं टोपण दोन्ही हातांनी लावायचं नाही, लावायचंच असेल तर ट्रेवर ठेवलेल्या टोपणात एकाच हाताने सुई सरकवायची. सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतले हे रंग तिला पाठ असायला हवेत. आणि तिला स्वतःला कावीळ बीची लस मिळाली का? तीन डोस: आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी. सिल्लोडमध्ये असो वा मुंबईत, मुलगी कामाला लागली त्या पहिल्या आठवड्यात हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

काही गोष्टी पुस्तकात असतात, पण त्या कळतात उन्हाळ्यात. कवळीसाठी माप घेताना अल्जिनेटची भुकटी पाण्यात कालवतात. मे महिन्यात सिल्लोडला पारा बेचाळीसवर गेला की कोमट पाण्यात ती कालवता कालवताच घट्ट होते, माप बिघडतं. म्हणून पाणी थंड घ्यायचं. झिंक फॉस्फेट सिमेंट थंड काचेवर थोडं थोडं मिसळायचं. ग्लास आयोनोमर कालवायला धातूचा चमचा वापरायचा नाही, प्लास्टिकचा घ्यायचा. झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल एकत्र केलं की खोलीभर लवंगेचा वास सुटतो, कारण युजेनॉल लवंगेच्या तेलातूनच येतं. आत्याने घरी जे दाबून धरलं होतं, ते इथे मोजून वापरलं जात होतं.

आत्याची दाढ डॉक्टरांनी 'थ्री-सिक्स' म्हणून सांगितली आणि मुलीने कागदावर लिहून घेतली. छत्तीस नव्हे, तीन आणि सहा. तोंडाचे चार भाग: वरचा उजवा पहिला, वरचा डावा दुसरा, खालचा डावा तिसरा, खालचा उजवा चौथा. मधल्या दातापासून मोजत गेलं की सहावी ती पहिली मोठी दाढ. लहान मुलांच्या दुधाच्या दातांचे भाग पाच ते आठ. ही सहा नंबरची दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, कुठलाही दुधाचा दात न पडता, मागच्या बाजूला येते. त्यामुळे कितीतरी आया तिला दुधाचीच समजतात, किडली तरी "पडंल आपोआप" म्हणतात. ती पडली तर पुन्हा येत नाही. हे सांगायला डॉक्टरला वेळ नसतो. फी घेताना, गोळ्या कागदात बांधताना असिस्टंट सांगू शकते, आणि ती सांगते तेव्हा आई ऐकते. 2023 च्या मे महिन्यात राज्य सरकारने स्वच्छ मुख अभियानासाठी सचिन तेंडुलकर यांना पुढे केलं, ते चांगलंच झालं. पण ब्रश कसा धरायचा हे आरशासमोर हात धरून शिकवायला गावातलं माणूसच लागतं.

तोंड उघडतानाच तिला पुष्कळ काही कळतं. रुग्णाची स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात मावायला हवीत. दोनच मावली, तर सुपारी-गुटख्याने गालाच्या आतला भाग आखडत चाललाय का, हे बघावं लागतं. अशा तोंडात पुढे कर्करोगाची शक्यता वाढते. 2012 मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी टपरीवर तो मिळतोच. मशेरी लावणाऱ्या बायांना तर मशेरी म्हणजे तंबाखूच हे पटवावं लागतं. निदान डॉक्टरच करणार. पण दोन बोटं मावली हे ट्रे मांडतानाच बघून "सर, यांचं तोंड जरा बघा" म्हणणारी मुलगी एखाद्याचा जीव वाचवू शकते. हे डोळे एका दिवसात तयार होत नाहीत.

कापूस वेचणीच्या दिवसांत आत्याची पुढची तारीख चुकली. महिन्याने गेलो, तेव्हा तीच मुलगी होती. आत्या या वेळी स्वतःहून खुर्चीत बसली. मुलीने बंद पाकीट आत्याच्या डोळ्यांसमोर धरलं, त्यावरची काळी पडलेली पट्टी दाखवली आणि मग फाडलं. "बघा मावशी, तुमच्यासाठीच उघडलं." आत्याने पट्टीकडे निरखून पाहिलं, मान हलवली आणि तोंड उघडलं.