रानविद्या आणि तिचा गुरु

पोहणें पुस्तकावरून येत नाहीं, हें आपल्या घरांतील वडील माणसें पूर्वापार सांगत आलीं आहेत. कमरेला भोपळा बांधून विहिरींत उतरावें लागतें, आणि कांठावर जाणता माणूस उभा असावा लागतो. तोच न्याय रानावनांत वावरण्याच्या विद्येला लागू आहे. आजकाल घरोघरचीं मुलें सुट्टीच्या दिवशीं सह्याद्रींतील गड चढूं लागलीं आहेत. ही गोष्ट अभिनंदनीय खरी, परंतु "कोणाबरोबर जातोस?" असें विचारणारे आईबाप "कोणाकडून शिकलास?" हें मात्र विचारीत नाहींत. या दुसऱ्या प्रश्नाकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या विद्येला शिस्तशीर शिक्षणाचें रूप देणाऱ्यांत बेडन-पॉवेल यांचें नांव अग्रभागीं आहे. इ. स. १९०७ च्या ऑगस्टमध्यें त्यांनीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउन्सी बेटावर सुमारें वीस मुलांना घेऊन तळ ठोकला. त्यांत श्रीमंतांचीं मुलें होतीं, तशींच कष्टकऱ्यांचींही होतीं. पुढें बालवीरांची चळवळ देशोदेशीं पसरली, तेव्हां मुलांना शिकविणाऱ्यांनाच आधीं शिकविलें पाहिजे हें स्पष्ट झालें; आणि १९१९ सालीं लंडनजवळ गिलवेल पार्क येथें शिक्षकांसाठीं वर्ग सुरू झाला.

आपल्याकडील उदाहरण याहून बोधप्रद आहे. २९ मे १९५३ रोजीं तेनसिंग नोर्गे व एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोंचले. त्या यशाच्या स्मरणार्थ १९५४ च्या नोव्हेंबरांत दार्जिलिंग येथें गिर्यारोहणाची संस्था स्थापन झाली, व तेथील प्रत्यक्ष शिक्षणाची धुरा तेनसिंगांकडे आली. जगांतील सर्वोच्च शिखर चढून आलेल्या पुरुषाला आणखी काय शिकावयाचें राहिलें, असें कोणालाही वाटेल. परंतु ते व त्यांचे कांहीं शेर्पा सोबती त्याच वर्षीं स्वित्झर्लंडला गेले आणि आर्नोल्ड ग्लाटहार्ड या अनुभवी वाटाड्याच्या हाताखालीं विद्यार्थी होऊन राहिले. स्वतःस येणें आणि दुसऱ्यास शिकवितां येणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्याच्या ठायीं दोन्ही असतील तोच शिक्षकांत श्रेष्ठ, हा विचार कालिदासानें 'मालविकाग्निमित्रा'च्या पहिल्या अंकांत परिव्राजिकेच्या मुखीं घातला आहे. तेनसिंगांनीं तो आचरून दाखविला.

मग पुस्तकांत नसलेलें असें गुरु काय देतो? एक उदाहरण पाहा. सप्तर्षींतील पुलहापासून क्रतूकडे जाणारी रेषा तशीच पुढें सुमारें पांचपट वाढविली असतां ध्रुव सांपडतो, हें आपण सर्वांनीं वाचलेलें असतें. परंतु शरदांतील सायंकाळीं आपल्याकडे सप्तर्षि मावळलेले असतात. तेव्हां शर्मिष्ठेवरून ध्रुव शोधावा लागतो. शिवाय पुण्यामुंबईस ध्रुव क्षितिजापासून अवघ्या अठरा-एकोणीस अंशांवर असल्यामुळें उत्तरेस डोंगर आला कीं तो दिसेनासा होतो. ही अडचण शिष्याला उघड्यावर उभें करून जो दाखवितो तो खरा शिक्षक. गांठींचेंही तसेंच. कमरेभोंवतीं घ्यावयाचा फांस ताण पडतांच आवळतां कामा नये. 'बोलाइन' नांवाची गांठ आवळत नाहीं, हा तिचा गुण. ती अंधारांत, ओल्या दोरानें व गारठलेल्या बोटांनीं बांधतां येईपर्यंत चांगला शिक्षक शिष्याला सोडीत नाहीं.

कित्येकदां तर आधींचें शिकलेलें विसरावयास लावणें हेंच त्याचें काम असतें. सर्पदंश झाला कीं वर घट्ट आवळून बांधावें, चीर द्यावी, विष चोखून काढावें, हे उपचार अनेक घरांतून अद्याप तोंडपाठ आहेत, आणि ते घातक आहेत. दंश झालेला अवयव हलूं न देतां, रोग्यास धीर देऊन, प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयांत तांतडीनें न्यावें, हाच खरा मार्ग.

असा शिक्षक ओळखावा कसा? मुलांच्या मानानें शिक्षक किती, त्यांना प्रथमोपचार येतो कीं नाहीं, परत फिरण्याची वेळ आधीं ठरते काय, आणि ओढ्याला लोंढा आला तर तो न ओलांडण्याचा नियम पाळला जातो काय, हें नि:संकोच विचारावें. शिखर अर्ध्या तासावर असतां जो मागें फिरवितो, त्याच्या हातीं मूल द्यावें. प्रमाणपत्र नसलेले गुरुही आहेत. सह्याद्रींतील ठाकर, कातकरी व महादेव कोळी बांधवांना पायवाट, पाणी व कंदमुळें यांची जी पारख असते, ती आदरपूर्वक त्यांच्या पायाशीं बसूनच मिळावयाची.

मुलींच्या बाबतींत संकोच करणाऱ्या घरांनीं बचेंद्री पाल यांचें चरित्र आठवावें. संस्कृत विषय घेऊन एम्. ए. झालेल्या या बाईंनीं उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेंत रीतसर शिक्षण घेतलें, आणि २३ मे १९८४ रोजीं एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारी पहिली भारतीय स्त्री हा मान मिळविला.

मुलांना घरांत कोंडून ठेवल्यानें तीं सुरक्षित होत नाहींत. फार तर अजाण राहतात. आणि अजाणपणीं जेव्हां तीं चोरून डोंगराकडे पळतात, तेव्हां त्यांच्यासोबत गुरु नसतो. त्यापेक्षां आपणच चौकशी करून त्यांस योग्य माणसाच्या स्वाधीन करावें, हें वडिलांचें कर्तव्य होय.