सह्याद्रीचा दगड, समुद्राचा घास

सातारा-सांगलीला किनारा नाही, तरी इथलं पाणी दोन्ही समुद्रांना जातं. महाबळेश्वरची कृष्णा वाई, कराड, सांगली करत सुमारे १४०० किलोमीटर वाहते आणि आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. कोयना तिला कराडच्या प्रीतिसंगमावर भेटते खरी. पण कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून पोफळीकडे उतरतं, वीज देतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे दाभोळच्या खाडीत, अरबी समुद्रात पोचतं.

या पाण्यात विरघळलेला दगड असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळल्यानं पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी होतं. ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या बेसॉल्टला झिजवतं आणि त्यातली सिलिका सोबत घेऊन निघतं. समुद्रात तिच्यावर जगतात डायटम ही एकपेशीय शैवालं. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक डायटम काचेसारख्या कवचात बसलेला दिसतो: डब्यावर झाकण बसावं तशी दोन अर्धुकं, त्यांवर ओळीनं कोरलेली बारीक छिद्रं. सिलिका संपली की नवं कवच होत नाही आणि पेशीची वाढच खुंटते. एवढ्याशा या जीवांचा पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणात सुमारे पाचवा वाटा आहे! तारली ही मासळी तर बरीचशी थेट डायटम खाऊनच पोसते.

कृष्णा मात्र समुद्रापर्यंत मोकळी जात नाही. अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी मोठी धरणं वाटेत आहेत. साठलेल्या पाण्यात गाळ बसतो, शिवाय गोड्या पाण्यातले डायटम तिथेच सिलिका वापरून, मरून तळाशी जातात. दुसरीकडे उसाला वारेमाप टाकलेल्या युरियातलं नायट्रोजन ओढ्यांवाटे नदीत उतरतं. सिलिका कमी आणि नायट्रोजन जास्त झालं, की डायटम मागे पडतात आणि दुसरी शैवालं माजतात. त्यांतली काही विषारी असतात. काळ्या समुद्राला मिळणाऱ्या डॅन्यूब नदीवर १९७२ मध्ये आयर्न गेट्स धरण झालं. पुढे त्या समुद्रात शैवालांचा असाच पालट दिसला आणि अडलेली सिलिका हे त्याचं एक कारण असल्याचं शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मांडलं.

म्हणून माती परीक्षण न करता ओतलेल्या युरियाचा हिशेब मला शेतकऱ्याच्या खिशापुरता वाटत नाही. माजलेली शैवालं मरून खाली जातात आणि कुजताना प्राणवायू ओढून घेतात. बंगालच्या उपसागरात दोन-तीनशे मीटर खोलीवर तो आधीच नाममात्र उरला आहे.