जत्रा 'एन्टरप्राइज'ची

२१ जानेवारी १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या स्टॅटलर हिल्टन हॉटेलात 'स्टार ट्रेक' या मालिकेच्या चाहत्यांचे तीन दिवसांचे संमेलन सुरू झाले. मालिका बंद पडून तेव्हा अडीच वर्षे उलटली होती. काहीशे माणसे येतील असे आयोजकांनी धरले होते. प्रत्यक्षात तीन हजारांहून अधिक आली आणि नावनोंदणीचे बिल्ले संपून गेले. आयोजक म्हणजे कोणी कंपनी नव्हती. देवरा लँगसम ग्रंथपाल होत्या, जोन विन्स्टन एका दूरचित्रवाहिनीच्या कार्यालयात नोकरी करीत होत्या. त्यांच्यासारख्याच काही हौशी मंडळींनी पदरमोड करून 'कमिटी' नावाचा गट केला आणि हॉटेलचे दालन भाड्याने घेतले. मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी, त्यांच्या पत्नी आणि मालिकेत परिचारिकेचे काम करणाऱ्या मेजल बॅरेट, पटकथालेखिका डी. सी. फोंटाना आणि विज्ञानलेखक आयझॅक असिमॉव्ह हे पाहुणे होते. 'नासा'ने प्रदर्शनासाठी साहित्य पाठवले होते. मुख्य भूमिका करणारा एकही नट त्या वर्षी आला नव्हता, तरी दालन ओसंडून वाहिले.

लहानपणी पडद्यावर पाहिलेल्या नटनट्यांना मोठेपणी प्रत्यक्ष भेटण्याचे जे मेळावे आज जगभर भरतात, त्यांचा नमुना या तीन दिवसांत घडला. अमेरिकेत अशा मेळाव्याला कन्व्हेन्शन, बोलीत नुसते 'कॉन' म्हणतात. प्रकार अगदी नवा नव्हता. विज्ञानकथांच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्येच भरले होते. सुमारे दोनशे लोक आले होते आणि फॉरेस्ट अॅकरमन व मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातला पोशाख घालून हिंडले होते. मात्र ती संमेलने लेखक-वाचकांची होती; आपल्याकडच्या साहित्य संमेलनाशी त्यांचे नाते जवळचे. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला तिथे उपऱ्यासारखे वाटे. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी वेगळी चूल मांडली ती त्यामुळे.

ही मालिका एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. 'एन्टरप्राइज' या अवकाशयानाचा कप्तान कर्क, परग्रहावरच्या पित्याचा आणि पृथ्वीवरच्या मातेचा मुलगा स्पॉक, डॉक्टर मकॉय, यंत्रांचा जाणकार स्कॉटी, संदेशवहन सांभाळणारी उहुरा आणि सुकाणूवरचा सुलू ही तिची मुख्य पात्रे. शीतयुद्धाच्या आणि वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्याच्या त्या काळात एका कृष्णवर्णीय स्त्रीने आणि एका जपानी वंशाच्या पुरुषाने यानाच्या नियंत्रणकक्षात बरोबरीने बसावे, ही गोष्टच प्रेक्षकांना विलक्षण वाटली. प्रेक्षकसंख्या मात्र वाहिनीच्या अपेक्षेइतकी नव्हती. दुसऱ्या वर्षाअखेर मालिका गुंडाळण्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बियो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रांची मोहीम उघडली. पत्र हाताने लिहावे, छापील मजकूर वापरू नये, प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावे, अशा सूचना त्यांनी दिल्या. वाहिनीकडे एक लाखाहून अधिक पत्रे गेली. जानेवारी १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी बरबँक येथील एनबीसीच्या कचेरीवर मोर्चा नेला. अखेर १ मार्च १९६८ रोजी भाग संपल्यावर, मालिका चालू राहणार असल्याची घोषणा वाहिनीला पडद्यावरून करावी लागली. तिसरे वर्ष मिळाले. ३ जून १९६९ रोजी शेवटचा भाग झाला. एकूण भाग ७९.

हे ७९ भाग महत्त्वाचे ठरले. अमेरिकेत बंद पडलेली मालिका स्थानिक केंद्रांना विकली जाते आणि रोज एक भाग याप्रमाणे पुन्हा दाखवली जाते. भाग फार थोडे असतील, तर कोणी विकत घेत नाही. तिसऱ्या वर्षामुळे भरणा पुरेसा झाला आणि कायझर या कंपनीच्या केंद्रांनी मालिका संध्याकाळी सहाच्या सुमारास लावली. मोठी माणसे इतर वाहिन्यांवर बातम्या पाहत तेव्हा शाळेतून घरी आलेली मुले 'स्टार ट्रेक' पाहू लागली. सोमवार ते शुक्रवार एकेक भाग धरला, तर सोळा आठवड्यांत सगळी मालिका संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्या मुलांनी प्रत्येक भाग कितीतरी वेळा पाहिला, संवाद पाठ केले. १९७२च्या हॉटेलात जमलेली गर्दी या पत्रलेखकांची आणि या मुलांची होती.

घरी चित्रफीत लावून पाहण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यामुळे संमेलनात मोठ्या पडद्यावर भाग दाखवले जात, हे आजच्या वाचकाला साधे वाटेल, पण तेव्हा ते मोठे आकर्षण होते. चित्रीकरणात नट चुकतात, हसतात, दरवाज्यावर आपटतात, असे वाहिनीवर कधीच न दिसलेले तुकडे रॉडनबेरी स्वतः घेऊन येत. विक्रीच्या दालनात पटकथांच्या प्रती, मालिकेच्या फिल्मचे कापलेले तुकडे आणि चाहत्यांनी स्वतः काढलेली नियतकालिके मिळत. त्यातले 'स्पॉकनॅलिया' हे १९६७ मध्ये, मालिका चालू असतानाच, लँगसम आणि शेर्ना कोमरफोर्ड यांनी काढले होते. संध्याकाळी वेषभूषा स्पर्धा होई. हे पोशाख बाजारात मिळत नसत. पडद्यावर पाहून, आठवून, घरच्या शिवणयंत्रावर शिवावे लागत.

नट आले ते दुसऱ्या वर्षापासून. १९७३च्या संमेलनात स्कॉटी झालेले जेम्स डूहान आणि सुलू झालेले जॉर्ज टाकेई होते आणि स्पॉक झालेले लेनर्ड निमॉय आगाऊ सूचना न देता येऊन गेले. १९७४ मध्ये गर्दी दहा हजारांच्या पुढे गेली आणि हजारोंना दारातून परत पाठवावे लागले. हौशी माणसांच्या आवाक्याबाहेरचे काम झाले, तेव्हा १९७६च्या संमेलनानंतर 'कमिटी'ने हा उपक्रम थांबवला. तोवर गावोगावी संमेलने सुरू झाली होती.

नटांच्या बाजूने यात रोकडा व्यवहारही होता आणि तो लपवण्याचे कारण नाही. त्या काळच्या करारांनुसार पुनःप्रक्षेपणाचे मानधन पहिल्या काही फेऱ्यांपुरतेच मिळे. मालिका रोज दिसत होती, चेहरा घराघरांत होता, पण त्यातून नटाच्या हाती काही येत नव्हते. उलट त्या चेहऱ्यामुळे दुसरी कामे मिळेनाशी झाली. स्कॉटी झालेल्या डूहान यांना निर्माते स्कॉटलंडच्या उच्चारांपलीकडे पाहायला तयार नव्हते. संमेलनांनी अशा नटांना उपजीविका दिली. आजची पद्धत साधारण अशी आहे: आयोजक नटाला किमान रकमेची हमी देतो, सही आणि छायाचित्र यांचे दर ठरलेले असतात, त्यातून हमीपेक्षा जास्त जमले तर ते नटाचे.

भेटीचे स्वरूप तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार सभागृहातला: नट व्यासपीठावर, समोर ध्वनिक्षेपकापाशी प्रश्न विचारणाऱ्यांची रांग. दुसरा सहीचा: टेबलापलीकडे नट, त्याच्यापुढे छायाचित्रांचे गठ्ठे. तिसरा छायाचित्राचा: पडद्यापुढे नटाशेजारी उभे राहायचे, दिवा चमकतो, पुढचा माणूस येतो. यातला शेवटचा काही सेकंदांत आटोपतो आणि त्यासाठी तासभर उभे राहावे लागते. खरी भेट सहीच्या टेबलावर होते. नाव कसे लिहायचे हे सांगता सांगता माणूस बोलून जातो, की घरी भांडणे चालत तेव्हा आपण ही मालिका पाहत बसत असू, किंवा तुमच्यामुळे आपण विज्ञानाकडे वळलो. नटाला हे वाक्य दिवसभरात शंभरदा ऐकावे लागते, सांगणाऱ्यासाठी ते पहिल्यांदाच असते. चांगला पाहुणा कोण, याची संमेलनांच्या जगातली कसोटी हीच आहे: शंभराव्या माणसाकडेही तो मान वर करून पाहतो का.

डूहान या कसोटीला पुरेपूर उतरत. त्यांनी स्वतः सांगितलेली एक हकिकत 'ट्रेकीज' या १९९७च्या माहितीपटात आहे. एका तरुणीचे पत्र आले. ते जीवन संपवण्याच्या विचारात लिहिलेले होते. डूहान यांनी तिला दूरध्वनी करून सांगितले, की अमुक गावी आपण संमेलनाला जातो आहोत, तिथे तू दिसली पाहिजेस. ती आली. मग पुढच्या गावी बोलावले, मग त्याच्या पुढच्या. असे बराच काळ चालले आणि नंतर संपर्क तुटला. काही वर्षांनी तिचे आभाराचे पत्र आले: इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकीत तिने पदव्युत्तर पदवी घेतली होती. २००४ मध्ये हॉलिवूडला डूहान यांच्या निरोपाचे संमेलन झाले. त्यात त्यांचे कौतुक करायला चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग आले होते. आर्मस्ट्राँग जाहीर समारंभांत फारसे दिसत नसत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या येण्याची किंमत कळते.

संमेलनातून घडलेली सर्वांत मोठी गोष्ट निशेल निकोल्स यांची. उहुराची भूमिका पहिल्या वर्षानंतर सोडण्याचा त्यांचा विचार होता. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एका समारंभात भेटून, या जागेवरून उठू नका, असे आग्रहाने सांगितल्याची आठवण त्या नेहमी सांगत. १९७५ मध्ये शिकागोच्या संमेलनात पाहुण्या असताना त्यांनी नासाचे शास्त्रज्ञ येस्को फॉन पुटकामर यांचे व्याख्यान ऐकले. अवकाश सर्वांचे आहे असे व्याख्यानात सांगितले जात होते, पण अंतराळवीरांच्या यादीत एकही स्त्री नव्हती आणि एकही कृष्णवर्णीय नव्हता. निकोल्स यांनी हा प्रश्न धसास लावला. १९७७ मध्ये नासाने त्यांच्याच संस्थेवर भरतीच्या प्रचाराची जबाबदारी सोपवली. त्या विद्यापीठांतून, शास्त्रज्ञांच्या बैठकांतून फिरल्या. आठ हजारांहून अधिक अर्ज आले. १९७८ मध्ये निवडलेल्या ३५ जणांत सहा स्त्रिया होत्या, तीन कृष्णवर्णीय पुरुष होते. सॅली राइड १९८३ मध्ये अवकाशात जाणाऱ्या पहिल्या अमेरिकी स्त्री ठरल्या. त्याच वर्षी गियन ब्लूफोर्ड हे अवकाशात जाणारे पहिले आफ्रिकी-अमेरिकी ठरले. मे जेमिसन यांनी लहानपणी उहुराला पडद्यावर पाहिले होते. सप्टेंबर १९९२ मध्ये त्या अवकाशात जाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री झाल्या आणि पुढच्या वर्षी 'स्टार ट्रेक'च्या नव्या मालिकेत त्यांनी छोटी भूमिकाही केली.

चाहत्यांची सामूहिक ताकद सरकारलाही जाणवली होती. नासाच्या पहिल्या 'स्पेस शटल' यानाला 'एन्टरप्राइज' नाव द्यावे म्हणून त्यांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांना पत्रे लिहिली. १७ सप्टेंबर १९७६ रोजी ते यान कॅलिफोर्नियातल्या पामडेल येथे लोकांसमोर आले तेव्हा मालिकेतले बहुतेक कलाकार तिथे उभे होते. १९७९ मध्ये मालिकेवर चित्रपट निघाला. त्यात मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी डोक्याचे सगळे केस उतरवून इलिया ही परग्रहवासी अधिकारी साकारली.

या वेडाची टिंगलही भरपूर झाली. कर्क झालेल्या विल्यम शॅटनर यांनी १९८६ मध्ये एका विनोदी कार्यक्रमात संमेलनातल्या चाहत्यांना 'जरा आयुष्य जगायला शिका' अशा अर्थाचे सुनावले आणि ते वाक्य चाहत्यांना वर्षानुवर्षे ऐकून घ्यावे लागले. पुढे शॅटनर यांनी चाहत्यांशी सविस्तर बोलून १९९९ मध्ये त्याच वाक्याच्या नावाने पुस्तक लिहिले. लोक नटांना पाहायला येतात हे अर्धेच खरे, ते मुख्यतः एकमेकांना भेटायला येतात, हे त्यांना तेव्हा उमगले. हे निरीक्षण अचूक आहे. गावात एकट्यानेच ही मालिका पाहणाऱ्या मुलाला आपल्यासारखी हजारो माणसे एका छताखाली दिसणे, हा संमेलनाचा गाभा आहे; वारीला किंवा जत्रेला जाणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ब्रिटनमध्ये हा प्रवास थोडा वेगळा झाला. 'डॉक्टर हू' ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ पासून बीबीसीवर चालू होती; तिच्या चाहत्यांचे पहिले संमेलन ऑगस्ट १९७७ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात एका चर्चच्या सभागृहात झाले आणि त्याला जॉन पर्टवी व टॉम बेकर हे मुख्य भूमिका केलेले दोन 'डॉक्टर' आले. १९८३च्या ईस्टरला बीबीसीने स्वतःच लाँगलीट येथे विसाव्या वर्षाचा सोहळा भरवला. हयात असलेले सगळे 'डॉक्टर' हजर होते. गर्दीचा अंदाज सपशेल चुकला. रस्ते तुंबले, अनेक कुटुंबांना आत न जाताच परतावे लागले.

आज हा मोठा धंदा आहे. 'क्रिएशन' ही कंपनी न्यूयॉर्कच्या दोन शाळकरी मुलांनी १९७१ मध्ये सुरू केली होती; लास व्हेगासचे 'स्टार ट्रेक' संमेलन तिने नावारूपाला आणले. ४ ऑगस्ट २०१८ रोजी पॅट्रिक स्ट्युअर्ट यांनी 'स्टार ट्रेक'च्या पुढच्या मालिकेतल्या कप्तान पिकार्डच्या भूमिकेत परतत असल्याचे तिथेच जाहीर केले. १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'पॉवर रेंजर्स' या मालिकेवर वाढलेल्या पिढीने २००७ पासून आपले वेगळे 'मॉर्फिकॉन' भरवले. सॅन डिएगोचे कॉमिक-कॉन १९७० मध्ये तीनशे माणसांवर सुरू झाले, आता तिथे एक लाख तीस हजारांवर लोक येतात. भारतात २०११ मध्ये दिल्लीत कॉमिक कॉन सुरू झाले आणि मुंबईतही ते भरू लागले.

निकोल्स डिसेंबर २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या संमेलनात शेवटच्या भेटीला आल्या. तेव्हा त्यांचे वय ८८ होते. ३० जुलै २०२२ रोजी त्या गेल्या. ८ जानेवारी २०२४ रोजी फ्लोरिडाहून उडालेल्या एका अग्निबाणातून त्यांच्या, डूहान यांच्या आणि रॉडनबेरी दांपत्याच्या रक्षेचा अंश सूर्याभोवतीच्या कक्षेत पाठवण्यात आला. त्या अग्निबाणाचे नाव 'व्हल्कन' आहे, स्पॉकच्या पित्याच्या ग्रहाचे.