देशोदेशीच्या पंगती

सायंकाळची घंटा झाली की आपल्या भोजनगृहात सतरंज्या अंथरल्या जातात, समोरासमोर दोन रांगा बसतात आणि वाढणे सुरू होते. माजी विद्यार्थ्यांना हे नव्याने सांगण्याचे कारण नाही. परंतु परदेशांच्या चालीरीतींविषयी मुले आम्हांस विचारू लागली की आम्ही प्रारंभ याच सतरंजीपासून करतो. पोशाख कोणत्याही देशाचा कोणीही घालू शकतो. कोणी कोणाच्या शेजारी बसावे, कोणी वाढावे, प्रथम घास कोणी घ्यावा, या गोष्टींवरून मात्र तो समाज आपले कोणास म्हणतो हे लवकर उमगते.

कोरियामध्ये घरातील सर्वांत वडील माणसाने चमचा उचलल्याशिवाय धाकटी मंडळी जेवावयास आरंभ करीत नाहीत. थायलंडमध्ये कालवणांची भांडी मध्यभागी ठेवतात. प्रत्येकाने त्यातून थोडे थोडे घ्यावयाचे असते. एकदम ताट भरून घेणे असभ्यपणाचे समजले जाते. जपानमध्ये जेवणापूर्वी व जेवणानंतर कृतज्ञतेचे ठरावीक शब्द उच्चारतात. तेथे भातात काड्या उभ्या खोचून ठेवणे अशुभ मानतात, कारण मृतासाठी ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. त्याच जपानमध्ये शेवयांचा रस्सा आवाज करीत ओढला तर कोणी वावगे मानीत नाही. आपल्याकडे येसराच्या आमटीचा भुरका मारला जातो, त्यातलाच हा प्रकार. उलट भिक्खूंसाठी असलेल्या विनयाच्या सेखिय नियमांत जेवताना ‘सुरुसुरु’ व ‘चपुचपु’ असा आवाज करू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. हे दोन पाली शब्द ऐकले की आमची पाचवीची मुले हमखास हसतात. अर्थ सांगावा लागत नाही. त्याच नियमांत आणखी एक आहे, तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो: दुसऱ्याच्या पात्राकडे दोष काढण्याच्या नजरेने पाहू नये.

इथिओपियातील रीत मुलांना सर्वांत नवलाची वाटते. तेथे टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून मोठे, मऊ, जाळीदार धिरडे करतात. त्याला इंजेरा म्हणतात. एकाच मोठ्या ताटात तो पसरून त्यावर कालवणे वाढतात आणि सारे घर त्या एका ताटातून जेवते. शिवाय आपल्या हाताने घास करून तो शेजाऱ्याच्या मुखात घालण्याची चाल आहे. तिला ‘गुर्शा’ म्हणतात. आपल्याकडे लग्नात वधूवर एकमेकांना घास भरवतात. तेथे पाहुण्यालाही तो मिळतो. दुसऱ्याच्या हाताचा घास घेणे ही तेथे स्नेहाची खूण आहे. आपल्या देशात शतकानुशतके नेमकी हीच गोष्ट विटाळाची मानली गेली, हे मुलांपासून लपवून ठेवण्यात आम्हांस स्वारस्य नाही.

आपला शब्दच पाहा. ‘पंगत’ हा संस्कृत ‘पंक्ति’पासून आला. मनुस्मृतीत ज्याच्या बसण्याने पंक्ती पवित्र होते तो पंक्तिपावन आणि ज्याच्यामुळे ती बिघडते तो पंक्तिदूषक, अशी माणसांची वर्गवारी आहे. मराठीने त्यात ‘पंक्तिप्रपंच’ या शब्दाची भर घातली: एकाच पंगतीत एकास तूप आणि दुसऱ्यास नुसते वरण. मात्र याच शब्दाचे दुसरे आयुष्य पाहावयाचे असेल तर लांब जावे लागत नाही. आपल्या मराठवाड्यातच, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात, लंगरच्या रांगेला ‘पंगत’च म्हणतात. सोळाव्या शतकात गुरू अमरदासांनी दंडक घातला की भेटीस येणाऱ्याने आधी सर्वांसह जमिनीवर बसून जेवावे. बादशहा अकबरही तसा बसला, असे शीख परंपरा सांगते.

त्याहून जवळचे उदाहरण आपल्या तालुक्याच्या वेशीपलीकडे आहे. उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याने कर्नाटकाची सीमा ओलांडली की थोड्याच वेळात बसवकल्याणकडे जाणारा फाटा लागतो. बाराव्या शतकात तेथे बसवण्णा व शरणांनी ‘दासोह’ ही कल्पना रुजविली. आपल्या कष्टाचे अन्न उपकार म्हणून न देता सेवाभावाने सर्वांपुढे ठेवावे, असा तिचा आशय. पंगतीपाठोपाठ सोयरीक आली. चर्मकार हरळय्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झाला, आणि त्यापायी दोन्ही पित्यांना देहदंड झाला, असे परंपरा सांगते. जेवणाची रांग बदलली की पुढे काय काय बदलते, हे तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांस नीट कळले होते, असेच म्हणावे लागेल.

विसाव्या शतकातही हाच झगडा चालू होता. १९१७ मध्ये केरळातील चेराई येथे सहोदरन अय्यप्पन यांनी मिश्रभोजन घडविले व त्यासाठी बहिष्कार सोसला. १९२८ मध्ये लोकमान्य टिळकांचे पुत्र श्रीधरपंत यांनी पुण्याच्या गायकवाड वाड्यात समाज समता संघाची शाखा उघडून सहभोजन केले. त्याच्या आदल्या वर्षी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले होते. साताऱ्याच्या शाळेत पाणी ओतणारा शिपाई नसला की दिवसभर तहानलेले राहावे लागे, ही आठवण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

आपल्या भागाची स्वतःची पंगत म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातील त्या दिवशी उमरगा, लोहारा, निलंगा, औसा या पट्ट्यातील गावे ओस पडतात, कारण सारे शेतात असतात. कडब्याची कोप उभारतात, पांडवांची पूजा होते, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. ज्यांना शेत नाही त्यांनाही कोणाचे तरी बोलावणे येते. रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवितात. परप्रांतीय पाहुण्यास अभिमानाने दाखवावी अशी ही चाल आहे. पण आमच्या पालकांपैकी वयोवृद्ध मंडळी सांगतात की त्यांच्या बालपणी हे बोलावणे बांधापर्यंतच असे. अन्न पदरात पडे, पंगतीत जागा मिळत नसे.

काही वर्षांपूर्वी एक आजोबा नातवास भेटावयास आले. जेवणाची वेळ होती म्हणून आम्ही त्यांना बसण्याची विनंती केली. रांगेत मध्ये जागा रिकामी होती, तरी ते दाराजवळ, सतरंजी सोडून फरशीवर बसले. कोणी काही म्हटले नव्हते. नातवास त्यातले काहीच ठाऊक नसल्याने तो म्हणाला, “आजोबा, तिथं वाऱ्यानं धूळ येतीया, इकडं या,” आणि त्याने हात धरून त्यांना आपल्या शेजारी आणले.

श्रीलंकेत वैशाख पौर्णिमेस रस्तोरस्ती ‘दनसल’ लागतात. येईल त्यास विनामूल्य भात, चहा वा सरबत मिळते, जात-धर्म विचारला जात नाही. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनी होणारे भोजनदान त्याच जातकुळीचे. परंतु आम्हांस अधिक शिकण्यासारखे वाटले ते जपानचे. तेथील शालेय भोजनाचा आरंभ १८८९ मध्ये यामागाता प्रांतातील त्सुरुओका गावी झाल्याचे मानतात. एका बौद्ध मंदिरातील शाळेत गरीब मुलांना भाताचे गोळे, भाजलेला मासा व लोणचे देत. १९५४ मध्ये त्याचा कायदा झाला. आज तेथील मुले पांढरे एप्रन व टोपी घालून पाळीपाळीने वर्गात स्वतःच वाढतात आणि नंतर सारे स्वच्छ करतात. वाढणारा व जेवणारा असे दोन वर्ग तेथे होत नाहीत.

तसे आपल्याकडेही करावे असे आम्ही ठरविले आणि पहिल्याच आठवड्यात आठवीच्या वाढप्यांनी आपल्या मित्रांच्या ताटात भाजीचा दुसरा डाव टाकावयास सुरुवात केली. पंक्तिप्रपंच हा शब्द त्यांना शिकविला त्याचा हा प्रात्यक्षिक पाठच झाला. मग नियम केला: वाढपी सर्वांत शेवटी, उरेल त्यातून जेवतील, आणि त्यांना पाचवीतील मुले वाढतील. भाजीचे माप आता बहुधा सारखे पडते. हुग्गीच्या दिवशी मात्र भांड्याजवळ आमच्यापैकी एकास अजूनही उभे राहावे लागते.